वाव ठेवणारे चाचा

१४ मार्च २००६. आज सकाळचं काम एकच होतं. दूध संस्थेच्या ऑफिसात नवी बॅटरी आली आहे, तिच्यासाठी सोलर कंट्रोलर पसंत करायचा. बार्शीचा दुकानदार स्वतः आला होता. त्यानं पिशवीतून एक चकचकीत डबा काढला, छतावरच्या पॅनलांकडे नजर टाकली आणि म्हणाला, "मॅडम, हा अगदी बरोबर बसतो." मी शिडीवर चढून प्रत्येक पॅनलच्या पाठीवरची पट्टी वाचली, अँपियरची बेरीज केली, वर पाव भाग धरला आणि डबा त्याला परत दिला. म्हटलं, "बरोबर बसतो म्हणूनच नको. याच्या वरचा आणा." तो जरा खट्टू झाला. हे तुम्हाला कोणत्या इंजिनियरनं शिकवलं, असं त्यानं विचारलं. आकडा इंजिनियरनं शिकवला होता. सवय लावली ती कपडे शिवणाऱ्या एका माणसानं. पण हे दुकानदाराला कुठं सांगत बसायचं? तो गेल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

चाचांनी शिवलेला कपडा उलटा केला की ओळखू यायचा. शिवणीच्या आत दोन बोटं कापड दुमडलेलं असायचं. परकराची मुडप एवढी, की आत अजून एक परकर निघेल. माझ्या नणंदेचा पाचवीतला गणवेश आठवीपर्यंत चालला. दर वर्षी चाचा एक टीप उसवायचे आणि खालचं न विटलेलं कापड बाहेर यायचं. शाळेतल्या मुली एकमेकींच्या परकरावरचे गडद पट्टे बघून कोण किती वाढली ते सांगायच्या. गावानं त्यांचं नाव 'वाढीव' ठेवलं होतं. वाढीवकडं टाक, वाढीवनं दिलं का, असं सगळे म्हणायचे. तोंडावर मात्र सगळ्यांचे चाचा.

लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा पहिलं ब्लाऊज त्यांच्याकडे शिवायला टाकलं. येरमाळ्याहून आत, डोंगराच्या उतारावरचं हे गाव. दुसरा टेलर नव्हताच. ब्लाऊज हातात आलं ते पोत्यासारखं. मी तशीच परत गेले. म्हटलं, "चाचा, हे ढगळ झालंय." मशिनवरून मान वर न करता ते म्हणाले, "आज ढगळ हाय, सूनबाई. अंग वाढतं, कापड वाढत न्हाई."

"आणि नाही वाढलं तर?"

"तर आत चार बोटं कापड पडून ऱ्हायलं म्हणून कुनाच्या बापाचं काय गेलं? कापड कमी पडलं म्हणून रडनारी मानसं म्या लई बघितली. जास्तीचं हाय म्हणून रडनारी तूच पहिली."

मी ते ब्लाऊज घरी आणून स्वतः आत घेतलं. दुसऱ्या बाळंतपणानंतर गुपचूप उसवलं. ते त्यांना कसं कळलं कोण जाणे. रस्त्यात भेटल्यावर नुसते हसले.

दूध संस्था निघाली ती बहात्तरच्या दुष्काळानंतर काही वर्षांनी. गावात दोन तट होते आणि एका तटाचा चेअरमन दुसऱ्याला चालेना. मग कुणाच्याच अध्यातमध्यात नसलेला, दारात दोन म्हशी बांधलेला टेलर दोघांना चालला. बसवायचा आणि आपण कारभार करायचा, असा दोन्हीकडचा हिशेब होता. चाचा खुर्चीत बसले ते गळ्यात फीत तशीच ठेवून. मीटिंग चालू असताना बोलणाऱ्याकडे ते असे बघायचे, की त्याच्या छातीचं माप घेतायत असं वाटायचं. मी मॅट्रिक झालेली, अक्षर बरं, म्हणून सेक्रेटरी झाले. त्या दिवसापासून ते मला सूनबाई म्हणायचे थांबले आणि सेक्रेटरीबाई म्हणू लागले. त्यात चेष्टाही होती आणि मानही.

संस्थेची खोली बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी आखलेल्यापेक्षा मोठी बांधायला लावली. व्हाइस चेअरमन होते नाना. गावातलं वजनदार घर, बोलायला फटकळ, पण कामाला कधी मागं नाही. नाना भर बैठकीत म्हणाले, "चेअरमन, दूध मूठभर आन् खोली हत्तीची. वाढीव ते वाढीवच!"

चाचा म्हणाले, "नाना, मोकळ्या खोलीत वारं खेळतं. भरलेल्या खोलीत मानसं भांडतेत."

त्या मोठ्या खोलीमुळेच पुढं फ्रिज आला. गावात वीज होती म्हणायला. तारांवर कावळे बसायचे, एवढाच तिचा उपयोग. जनावरांच्या लशी थंड ठेवायला जागा नव्हती. सरकारी योजनेतून एक लहान फ्रिज, चार सोलर पॅनल, बॅटऱ्या आणि कंट्रोलर असं सगळं सामान आमच्या संस्थेला मिळालं. पॅनलांना गाव 'काचा' म्हणायचं. काचांनी ऊन घ्यायचं, बॅटरीनं साठवायचं आणि कंट्रोलरनं मध्ये बसून राखण करायची. बॅटरी भरली की काचांकडून येणारी वीज थांबवायची, नाहीतर बॅटरीतलं पाणी उकळून उडून जातं. बसवायला आलेला इंजिनियर तरुण होता, गुणी होता. त्यानं मला सुई वाचायला, बॅटरीत पाणी घालायला, तारा जोडायला शिकवलं. चाचांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "ह्या डब्यात वाव किती?"

तो खरं बोलला. "काहीच नाही, चाचा. चार काचा मिळून दहा अँपियर देतात, डबाही दहाचाच आहे. नियमानं सव्वापट हवा. पण योजनेत हाच मंजूर आहे."

चाचांनी डब्यावर हात ठेवला. "म्हंजे अंगाबरोबर शिवलाय. पहिल्या धुन्यात आखडला तर?" इंजिनियर हसला. चाचा हसले नाहीत.

मग सत्त्याऐंशीचा उन्हाळा आला. त्या वर्षी चाचांचं काम उलटं झालं. लोक कपडे घेऊन यायचे ते आत घ्यायला. पोरांच्या चड्ड्या कमरेवर टिकेनात, बायांची पोलकी खांद्यावरून उतरायला लागली. चाचा टिपा मारायचे, पण जास्तीचं कापड कापून टाकायचे नाहीत, आत दडवून ठेवायचे. "दिस फिरले की लागंल," म्हणायचे. एरवी मशिनवर बसले की त्यांची बडबड चालायची. त्या उन्हाळ्यात नुसता मशिनचा आवाज यायचा.

गावाबाहेर जनावरांची छावणी लागली. एवढी जनावरं एका जागी म्हटल्यावर डॉक्टरांना घटसर्पाची काळजी. घटसर्पात म्हशीचा गळा सुजतो, श्वास अडकतो आणि दिवसभरात ती जाते. पाऊस पडायच्या आत सगळ्यांना लस टोचायची, त्यासाठी लस आमच्या फ्रिजमध्ये ठेवायची, असं ठरलं. तेवढ्यात चाचांनी आणखी एक काम काढलं. माळावर बौद्धवस्ती आहे. तिथल्या बायका खासगी गवळ्याला दूध घालायच्या आणि तो मापात मारायचा. चाचा सायकल हाणत तिकडं गेले आणि त्यांना म्हणाले, सभासद व्हा. त्या बायकांत पुढं होती गयाबाई. एक म्हैस, नवरा मुंबईत हमालीला, जीभ धारेची.

गयाबाई ऑफिसात आली ती उभीच राहिली. चाचा म्हणाले, "बस की."

"बसते. पर आदुगर सांगते. आमी रिकाम्या हातानं येनार न्हाई. समाजमंदिरावर सरकारनं दिलेल्या दोन काचा हायत. बॅटरी कवाच मेली. काचा चांगल्या हायत. त्या हितं लावा. मग आमी कुनाच्या उपकारात न्हाई."

नाना म्हणाले, "काचा कशाला? दूध घाला की गपगुमान."

"दूध तर घालनारच, नाना. गपगुमान तेवढं जमायचं न्हाई."

काचा खरोखर हव्याच होत्या. उन्हाळ्यात फ्रिज जास्त वेळ चालतो, बॅटरी पुरत नव्हती. इंजिनियरला बोलावलं. त्यानं बघून सांगितलं, "सहा काचा म्हणजे पंधरा अँपियर. वर पाव भाग धरला की जवळपास एकोणीस. वीसचा कंट्रोलर लागेल. मी मागणी करतो, पण वेळ लागेल. नाहीतर सोपा उपाय आहे. या दोन काचांना वेगळा छोटा कंट्रोलर, वेगळी बॅटरी, वेगळी लाइन. त्या तुमच्या समाजमंदिरावरच राहू द्या."

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण 'वेगळी' हा शब्द त्या खोलीत पडला आणि गयाबाई उठली. "वेगळी कपबशी स्टँडवरच्या हाटेलात हाय की, सायेब. खिडकीत पालथी घातलेली. आता तारबी वेगळी करा." इंजिनियर शहरातला, तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. चाचांना सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, "एकच छत, एकच तार. डबा येईल तवा येईल. काचा उद्या चढतील."

आयुष्यभर शिवणीत वाव ठेवणारा माणूस. त्यानं ते एकदाच केलं नाही. का नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. वाट बघायची म्हणजे त्या दोन काचा भिंतीला टेकून ठेवायच्या, आणि गावानं येता-जाता त्या बघायच्या.

इंजिनियर जाता जाता बजावून गेला. मोठा कंट्रोलर येईपर्यंत कधीही चारच काचा उघड्या ठेवा. दोनांवर पोती टाका. आता पोती कुणाच्या काचांवर टाकायची? वस्तीच्या काचा झाकल्या तर त्या लावल्या कशाला? गावाच्या झाकल्या तर नाना गप्प बसतील? चाचांनी पाळी लावली. आज या दोन, उद्या त्या दोन, परवा पलीकडच्या. रोज सकाळी स्वतः शिडी चढून पोती फिरवायचे. वय झालेलं, दम लागायचा. मी म्हटलं, मी चढते. तर म्हणाले, "तू सेक्रेटरी. तू हात लावला की तुझ्यावर बोट येईल. माझ्यावर येऊ दे." लस आली, फ्रिज भरला. थंडावा नीट राहत होता. मला वाटलं, जमलं.

चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा. गाव रिकामं झालं. चाचाही गेले, लहान मुलांची झबली-टोपडी विकायला. दर वर्षी जायचे. आम्ही घरचे सगळे बैलगाडीनं गेलो. त्या दिवशी पोती वस्तीच्या काचांवर होती. पुढं काय झालं ते नंतर सभेत बाहेर आलं. गयाबाईचा दीर सकाळी इकडून चालला होता. गाव सगळं यात्रेला, मग आज तरी आमच्या काचांनी मोकळं ऊन खाऊ द्यावं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं पोती उचलून गावाच्या काचांवर टाकली. इथवरही बिघडलं नव्हतं, चारच उघड्या होत्या. थोड्या वेळानं नानांचा धाकटा भाऊ, घर राखायला मागे राहिलेला, तिथून गेला. पाळी नसताना आपल्या काचा झाकलेल्या बघून त्याचं डोकं फिरलं. त्यानं ती पोती ओढून काढली आणि घरी नेली. पुन्हा कशावर टाकावीत हे त्याच्या मनातही आलं नाही. वैशाखाच्या तोंडावरचं ऊन, सहाही काचा उघड्या, आणि मध्ये दहाचा डबा.

डबा पेटला नाही, धूर आला नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. नुसता त्याच्या आतला खटका तापून चिकटला. वरचा दिवा लागत होता, सुई हलत होती. संध्याकाळी परत आल्यावर चाचांनी पोती शोधली, सापडली नाहीत, दुसरी टाकली. कुणी काही बोललं नाही. पण त्या दिवसापासून राखण करणारा झोपलेला होता. बॅटरी भरली तरी वीज आत येतच राहिली आणि पाणी उडत राहिलं. पाणी बघायचा माझा वार सोमवार. त्या सोमवारी मी बॅटऱ्यांची झाकणं उघडली तर आतले शिशाचे पत्रे उघडे पडलेले. होतं नव्हतं ते बॅटरीचं पाणी ओतलं, पण वेळ गेली होती, बॅटऱ्या मेल्या होत्या. फ्रिज उघडला. आतला थर्मामीटर बाहेरच्या बरोबरीला येत होता.

डॉक्टर आले. एकेक बाटली उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "ही टोचून उपयोग नाही. टोचली असं समाधान मिळेल, एवढंच." खड्डा खणून त्यांनी लस ओतून टाकली. चाचा शेजारी उभे होते. गळ्यातली फीत त्यांनी हाताला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

दुसरी लस जिल्ह्याहून यायची होती आणि सगळ्याच छावण्या ती मागत होत्या. ती येण्याआधी वळवाच्या सरी आल्या. पहिली गयाबाईची म्हैस गेली. सकाळी चारा टाकला तेव्हा तोंड फिरवलं, दुपारी गळा सुजला, दिवेलागणीला संपली. मग गावातली, मग छावणीतली. चाचांच्या दोन म्हशींतली एक गेली, नानांचा बैल गेला. छावणीत त्या दिवसांत कुणी कुणाच्या जनावराकडे बघत नव्हतं. बघितलं तरी गळ्याकडेच नजर जायची.

मेलेली जनावरं ओढायचा प्रश्न आला तेव्हा नानांच्या आळीतून कुणीतरी वस्तीवर निरोप पाठवला. पूर्वी ते काम त्यांच्यावर होतं. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून त्यांनी सोडलेलं. तीस वर्षं कुणी मागितलं नव्हतं, दुष्काळात मागितलं. गयाबाईनं निरोप्याला सांगितलं, "माजी मी ओढली. ज्याची त्यानं ओढावी." त्यावरून लाठ्याकाठ्या निघायची वेळ आली. चाचांनी काय केलं, तर आपल्या म्हशीच्या पायाला स्वतः दोर बांधला आणि दोन्ही जावयांना घेऊन ती ओढत माळापर्यंत नेली, भर चौकातून, सगळ्यांसमोर. परत आले आणि नानांच्या दारात जाऊन उभे राहिले. "नाना, दोर हाय माझ्याकडं. तुमचा बैल कुटं हाय? चला, एक टोक तुमी धरा." नानांना बाहेर यावं लागलं. बाकीचेही मग आपापले दोर घेऊन निघाले.

त्यानंतरची सभा मी विसरणार नाही. खोली मोठी असूनही माणसं दारापर्यंत उभी. इंजिनियरनं डबा उघडून चिकटलेला खटका दाखवला. दिरानं आणि भावानं आपापलं सांगितलं. दोघांचीही चूक सारखीच होती, पण गावाला एकच चूक दिसली. नाना उभे राहिले. "चार काचा होत्या तवर काय बिघडलं व्हतं? त्यांच्या काचा आल्या आन् आमची जनावरं गेली. त्यांचं त्यांना देऊन टाका. दूध घालायचं तर घाला, पर छतावर न्हाई."

गयाबाई मागून म्हणाली, "जनावरं आमचीबी गेली की, नाना. का आमची मोजनीत न्हाईत?"

गलका झाला. चाचा उभे राहिले. ते सभेत कधी मोठ्यानं बोलायचे नाहीत, त्या दिवशीही बोलले नाहीत. माणसं ऐकण्यासाठी गप्प झाली. "माप माझं चुकलं. डबा ल्हान हाय हे मला ठावं व्हतं. सायबानं सांगितलं व्हतं. तरी म्या काचा चढवल्या. दोष ना ह्या पोराचा, ना त्या पोराचा. माझा. पर एक सांगतो. सदरा अंगाला तंग झाला तर आपुन मानूस कापत न्हाई. सदरा उसवतो."

"बोलायला सोपं हाय, चेअरमन," नाना म्हणाले. "माझा बैल गेला."

"सोपं न्हाई, नाना. म्हनून खुर्ची सोडतो. तुमी बसा."

हात वर झाले. काचा उतरवायच्या ठरलं. चाचांनी एवढंच मागितलं, की मोठा डबा येईपर्यंतच. नानांकडून त्यांनी ते सभेसमोर दोनदा म्हणवून घेतलं. "मोठा डबा आला की वस्तीच्या काचा परत चढवायच्या." नाना म्हणाले, हो. दुसऱ्यांदाही म्हणाले. संध्याकाळी वस्तीच्या चार बाया येऊन काचा डोक्यावर घेऊन गेल्या. आठवड्यानं इंजिनियरनं नव्या बॅटऱ्या दिल्या आणि दहाचाच दुसरा डबा लावून चार काचांवर फ्रिज सुरू केला. लसही आली. ज्यांची जनावरं उरली होती त्यांना टोचून झाली.

वस्तीच्या बायकांनी दूध घालणं सोडलं नाही, पण त्या ऑफिसात येईनाशा झाल्या. किटली दारात ठेवायच्या, माप झालं की उचलायच्या, शब्द नाही. ज्या गोष्टीसाठी चाचांनी एवढं केलं ती अशी दारातच अडकली. ते बघून त्यांचा जीव तुटायचा. मला म्हणाले, "सेक्रेटरीबाई, कापड फाटलं तर रफू व्हतं. हे उसवलंय. ह्याला दोरा मोठाच लागनार."

मग त्यांनी उस्मानाबादच्या फेऱ्या सुरू केल्या. एसटीनं सकाळी जायचे, साहेबांच्या दारात बसायचे, संध्याकाळी रिकामे यायचे. मशिन धूळ खात पडलं. चाची माझ्याकडे येऊन रडल्या, की खोकला लागलाय, जेवत नाहीत, तू तरी सांग. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. एका संध्याकाळी ते थेट माझ्या घरी आले. हातात धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी. आत वीस अँपियरचा कंट्रोलर. कुठल्याशा बंद पडलेल्या केंद्रात पडून होता, इंजिनियरनं तो मिळवून दिला होता. चाचांनी तो माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "बघ. ह्यात हाय वाव."

नाना म्हणाले, "बसवू की. पेरण्या होऊ द्या." पेरण्या झाल्या. "पोळा होऊ द्या, यंदा मानसांचं चित्त थाऱ्यावर न्हाई." दर शुक्रवारी नमाजाहून येताना चाचा ऑफिसच्या दारात थांबायचे आणि छताकडे बघून मला विचारायचे, "बसवला?" मी मान हलवायची. ते पुढं जायचे. चालताना हात भिंतीला टेकवायला लागले होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी, मशिनसमोर बसल्या बसल्या ते गेले. सुईत कुणाचा तरी सदरा तसाच होता. मातीला सगळं गाव होतं, वस्तीही होती. खांदा द्यायला नाना पुढं होते, आणि ते रडत होते. मी नीट बघितलं, खोटं रडत नव्हते. याच माणसानं त्यांना पावसाळाभर दारात उभं केलं होतं आणि याच माणसाला आता हुंदका आवरत नव्हता. दोन्ही खरं होतं. परतताना मी त्यांना गाठलं. म्हटलं, "नाना, उद्या कंट्रोलर बसवायचा." त्यांनी डोळे पुसले. "आज माती दिली, सेक्रेटरीबाई. उद्या पोळा. चार दिस जाऊ द्या." मी घरी जाताना वाकडी वाट करून वस्तीवर गेले आणि गयाबाईला निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडायला मी ऑफिस उघडलं. आधी काचांच्या तारा सोडवल्या, मग बॅटरीच्या, आणि जुना डबा काढून ठेवला. नवा डबा भिंतीला बसवून त्याला पहिल्यांदा बॅटरी जोडली. तोवर बाया दोन्ही काचा डोक्यावर घेऊन आल्या. मी छतावर होते तेव्हा नाना आले. खालून म्हणाले, "कुनाला विचारून?"

"सभेत तुम्हीच म्हणालात, मोठा डबा आला की चढवायच्या. दोनदा म्हणालात. डबा आलाय."

नाना कमरेवर हात ठेवून उभे राहिले. शिडीच्या पायाशी गयाबाई होती, डोक्यावर काच. ती म्हणाली, "नाना, शिडी हलतीया. नुसतं हुबं ऱ्हायचं तर धरून तरी हुबं ऱ्हावा." नानांनी इकडं तिकडं बघितलं आणि शिडी धरली. काच वर आली. दुसरी आली. मी तारा जोडल्या, स्क्रू आवळले, खाली येऊन सुई बघितली. ती सरकली आणि काठाच्या बऱ्याच अलीकडे थांबली.

हात धुतले आणि दूध मोजायला बसले. सणाचा दिवस, रांग मोठी होती. वस्तीच्या बाया त्या दिवशी आत येऊन उभ्या राहिल्या. गयाबाई रांगेत नव्हती. घालायला तिच्याकडे दूधच नव्हतं, म्हैस गेली ती गेलीच. ती बाहेर अंगणात उभी राहून वर काचांकडे बघत होती. मी तिला हाक मारली, आत ये म्हटलं. ती आली, भिंतीजवळच्या बाकावर बसली. पुढच्या बाईला मी म्हटलं, किटली इकडं सरकवा.